बंद म्हणजे एक

मुर्री, १२ एप्रिल २०२५

चि. स्वप्निल,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरला तं.

बुधवारपासून तुले पाच फोन केले. तीनदा तू म्हणला, ‘आत्या, मीटिंगमध्ये आहे.’ दोनदा उचललाच नाही. मेसेज टाकला तं तू अंगठा पाठवला. अंगठा! चौतीस वर्षं झाली मले तंत्रनिकेतनात पोरांले शिकवता, अन् माझा सख्खा भाचा मले अंगठा दाखवते? मी का अंगठाछाप आहो? म्हणून ही चिठ्ठी लिहून राहिली. चिठ्ठीले मीटिंग नसते.

आता नीट वाच. तुझ्या कंपनीनं आमच्याकडे ते ‘तर्कपाटी’ सॉफ्टवेअर दिलं तेव्हा तू किती तोऱ्यात होता! ‘आत्या, आता तारा नको, सोल्डर नको. पोरं संगणकावरच स्विच जोडतीन, दिवा पेटवतीन, अन् मशीनच पेपर तपासीन.’ मीच मागं लागून मराठीचं बटण मागून घेतलं. ते परीक्षेच्या आठ दिवस आधी आलं. सरावाले वेळच मिळाला नाही. पण मराठी आहे, पोरांले समजीन, असं वाटलं मले.

बुधवारी प्रॅक्टिकल परीक्षा झाली. सव्वीस पोरांनी इंग्रजीचं बटण दाबलं, सव्वीसही पास. चौदा पोरांनी मराठीचं दाबलं, चौदाही नापास. चौदाच्या चौदा! माझ्या वर्गात असं इपरीत कधी घडलं नव्हतं. मग मी एकेक प्रश्न उघडून पाहिला. हा वाच:

‘दोन स्विच एकामागे एक जोडले आहेत. दोन्ही स्विच बंद आहेत. दिव्याची स्थिती लिहा: १ की ०?’

पोरांनी लिहिलं शून्य, म्हणजे दिवा विझलेला. मशीन म्हणते, चूक. बरोबर उत्तर एक.

अरे, स्विच बंद तं दिवा कसा पेटीन रे बापा? इंग्रजीत स्विच ‘क्लोज्ड’ म्हणजे पट्टी टेकली, वीज वाहून राहिली. पण मराठीत बंद म्हणजे बंद! पंखा बंद कर म्हणलं तं तुझी माय पंखा सुरू करते का? अन् वरताण म्हणजे पुढच्याच ओळीत ‘दिवा बंद’ म्हणजे शून्य. एकाच पानावर बंद म्हणजे एक, अन् बंद म्हणजे शून्य. परीक्षेत चित्र दिसत नाही, नुसती वाक्यं दिसतात. पोरांनी समजावं तरी काय?

वीसपैकी तेरा प्रश्न असेच स्विचचे. खुशी नावाची पोट्टी आहे, सौंदडची. बाप चैतराम गावच्या तलावाचा पाटकरी. कोनाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं ते पाहते. ही पोट्टी रोज सकाळच्या गाडीनं येते. खऱ्या तारांवर तिचा हात वर्गात सगळ्यात साफ. तिले सात गुण पडले. म्हणजे बाकीचे सातही प्रश्न बरोबर. पास व्हायले आठ लागतात. नापास झाली तं तिसऱ्या वर्षाले बसता येत नाही, अन् स्कॉलरशिपही थांबते. तीस तारखेले गुण बोर्डाकडे जातात, मग ब्रह्मदेवही बदलू शकत नाही.

मले दोन गोष्टी पाहिजेत. एक, हे भाषांतर करणाऱ्या शहाण्याचं नाव. मी त्याच्यावर अर्ज करणार आहो. दोन, माझी निळी वही. तुले पहिल्या वर्षाले मी इंग्रजी शब्दांची वही दिली होती, मराठी शाळेतल्या पोरांसाठी बनवलेली. ती तुझ्याजवळ असून तुम्ही भलत्याच कोनाला काम दिलं? एकदा माझी वही उघडली असती तं हा गोंधळ झाला नसता.

आशीर्वाद उरला नाही.

चंदा आत्या

*

पुणे, १७ एप्रिल २०२५

ती. आत्यास सा. न.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर नीट बोलता आलं नाही याबद्दल माफ करा, सध्या नवीन आवृत्तीचं काम चालू आहे.

तुमच्या तक्रारीवर आमच्या टीमने विचार केला. परिभाषेच्या दृष्टीने ‘क्लोज्ड स्विच’ला ‘बंद स्विच’ म्हणणं पूर्ण चूक नाही. काही पुस्तकांतही ‘बंद परिपथ’ असा शब्द आहे. विद्यार्थ्यांनी संज्ञांची यादी आधी वाचून घेतली असती, तर कदाचित ही अडचण आली नसती. तरी गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पुढच्या आवृत्तीतून मराठीचं बटण काढूनच टाकावं, असा विचार चालू आहे, म्हणजे पुन्हा असा घोळ होणार नाही.

भाषांतर करणाऱ्याचं नाव मात्र मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो, की ती व्यक्ती या विषयात खूप अनुभवी आहे आणि तिने ते काम मनापासून केलेलं आहे. तिच्यावर अर्ज करून काही साधणार नाही.

निळी वही शोधतो. मध्यंतरी खोली बदलली, सामान इकडेतिकडे झालं आहे.

आत्या, ३१ मेला तुम्ही निवृत्त होताय. चौतीस वर्षांचं काम आहे. शेवटच्या महिन्यात कशाला डोक्याला ताप करून घेता? बीपीची गोळी वेळेवर घेत जा. हा विषय इथेच सोडून द्या, असं मनापासून सांगतो.

तुमचा,
स्वप्निल

*

मुर्री, २१ एप्रिल २०२५

स्वप्निल,

‘तुम्ही’? मी तुले ‘तुम्ही’ कधीपासून झाली? माझ्या ताटातली भाकर ओढून खाणारा पोट्टा मले लिहिते, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’! आहोत म्हणे. तुम्ही किती जण मिळून दिलगीर आहा? पुण्याच्या पाण्यानं जिभेले इस्त्री केली का रे तुझ्या?

‘विद्यार्थ्यांनी संज्ञांची यादी वाचली असती तर.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं अन् तिन्हीदा माझं डोकं उठलं. पोरांनी आपली मराठी विसरून तुमची मराठी शिकावी? जे पोर जन्मापासून ‘तुडूम बंद केला’ म्हणजे तलावाचं दार लागलं, पाणी थांबलं असं ऐकते, त्यानं तुमच्यासाठी ‘बंद’ म्हणजे पाणी वाहून राहिलं असं मानावं? आपल्या आज्यापणज्यांनी तलाव बांधले रे. त्या पाळीवर उभं राहून बोल हे वाक्य, लोक हसतीन तुले.

अन् बटण काढणार? वा रे उपाय! ढेकूण झाले म्हणून खाटच जाळा.

मनापासून काम केलं म्हणे. मनापासून केलं म्हणून का वीज उलटी वाहीन? अनुभवी आहे म्हणे. असला अनुभव घाला चुलीत. त्या अनुभवी माणसाले एकदा या चौदा पोरांसमोर उभं करायचं आहे मले.

आता इथलं ऐक. मी प्राचार्यांले अर्ज दिला की भाषांतर निकृष्ट आहे, करणाऱ्याले काळ्या यादीत टाका अन् पोरांची परीक्षा पुन्हा घ्या. साहेब म्हणाले, “मॅडम, ये तो कंपनी का मॅटर हो गया. कंपनी को लेटर जाएगा, जवाब आएगा, कमिटी बैठेगी.” मी विचारलं, तोवर पोरांचं काय? म्हणाले, “मार्क्स वैसेच जाएँगे.” नियम असा आहे म्हणते. प्रश्नात परीक्षकाची चूक असली अन् त्यानं सही करून मान्य केली, तं प्राचार्य दुसऱ्याच दिवशी फेरपरीक्षा घेऊ शकतात. पण चूक बाहेरच्याची असली तं पत्रव्यवहार. पत्रव्यवहारात दिवाळी येते. म्हणून मले त्याचं नाव पाहिजे. त्याचं लेखी पाहिजे, की हाव, माझ्यानं चुकलं. ते हाती आलं तं मी साहेबांच्या टेबलासमोर बसून राहीन, पाहते कसे उठवतात.

खुशी आठ दिवसांपासून आली नाही. सौंदडच्या दुसऱ्या पोट्टीले विचारलं तं म्हणे, ती घरीच आहे, कोनासंगं बोलत नाही.

अन् वही पाठवजो. ते तुले सांगायचं राहून गेलं. निरोपाच्या दिवशी माझी वही छापून वाटणार आहेत, शंभर प्रती. साहेबांनीच ठरवलं. ‘चंदा मॅडमची शब्दवही’ असं नाव. छापखान्यात पानं लावायची आहेत, अन् माझ्याजवळ एकही प्रत नाही. सामान इकडेतिकडे झालं म्हणे! चौतीस वर्षांतली एक वस्तू तुझ्या हवाली केली, तीही तुले सांभाळता आली नाही.

नाव पाठवत नसशीन तं मुर्रीत पाय ठेवजो नको. दादाले मी सांगून ठेवलं आहे.

चंदा

*

पुणे, २५ एप्रिल २०२५

आत्या,

ओरडून झालं असेल तर आता ऐक. मला तू कधी शांतपणे सांगू दिलं आहेस का काही? लहानपणापासून तुझ्यापुढे तोंड उघडलं की आधी चार शिव्या खायच्या, मग बोलायचं. या वेळी मी म्हटलं, बोलूच नये. म्हणून फोन उचलला नाही. म्हणून ‘तुम्ही’ लिहिलं. तू समोर असतीस तर माझ्या तोंडावरून तुला लगेच समजलं असतं.

वही हरवलेली नाही. ती माझ्या टेबलावर आहे. सोबत तिच्या बाराव्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. खालून चौथी ओळ पाहा.

क्लोज्ड = बंद. ओपन = उघडा. ऑफ = बंद.

अक्षर तुझं आहे.

कंपनीत मराठीचं काम आलं तेव्हा सगळे म्हणाले, मशीनकडून भाषांतर करून घेऊ. मी भांडलो. म्हटलं, माझ्या आत्याची वही आहे, तीस वर्षं शिकवून तयार झालेली, त्यापुढे कुठलं मशीन? सगळे तीनशे शब्द मी रविवारी बसून एकेक करून टाइप केले. त्या फाइलचं नावच ‘आत्याची वही’ आहे. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात शेवटच्या पानावर ‘शब्द: चंदाताई, मुर्री’ असं लिहिलं आहे. तुला निवृत्तीच्या दिवशी दाखवणार होतो.

बाराव्या पानावर मलाही काही खटकलं नाही. आत्याने लिहिलं म्हणजे बरोबरच असणार, असं समजून पुढे गेलो. ती चूक माझीही आहे, ती मी लिहून द्यायला तयार आहे. पण तुझ्या प्राचार्यांना परीक्षकाची सही पाहिजे. परीक्षक तू आहेस. शब्दही तुझेच आहेत.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशीच मी पान उघडून पाहिलं होतं. तू त्या माणसावर अर्ज करायला निघालीस, आणि तो माणूस तू. कसं सांगू? एक महिना राहिला होता तुझा. तुझा निरोप बिघडू नये एवढंच मला पाहिजे होतं. नियमाचं मला माहीत नव्हतं. परवा तुझं पत्र वाचलं आणि समजलं, की मी गप्प राहिलो तर ती मुलगी बुडते.

आता काय करायचं ते तू ठरव. मले शिव्या दे, पण बीपीची गोळी खाजो.

स्वप्निल

*

मुर्री, १ मे २०२५

स्वप्निल,

अक्षर माझंच आहे.

आधी तुझ्यावरचा राग लिहिते, तो सोपा आहे. तुले सतरा तारखेच्या आधीच माहीत होतं. अन् माझ्या हाती पाकीट पडलं अठ्ठावीसले. तू मले वाचवायले निघाला? मी का पाण्यात पडली होती? पाण्यात चौदा पोरं होती. अन् वरून मले लिहिते, ‘पूर्ण चूक नाही’, ‘विद्यार्थ्यांनी यादी वाचली असती तर’. माझी अब्रू झाकायले पोरांच्या माथी खापर फोडलं. हे मी विसरणार नाही. मरतवेळी पाणी पाजायले आला तरी आधी हे विचारीन.

आता माझं. वर्गात मी ‘बंद’ म्हणायची तेव्हा दोन्ही हातांची बोटं एकमेकांले टेकवून दाखवायची. तुले आठवत असीन. बोटं टेकली, वीज वाहिली. पोरं शब्द ऐकत नव्हती, बोटं पाहात होती. तीस वर्षं पोरं बरोबर उत्तरं देत गेली, अन् मले वाटलं, शब्द बरोबर आहे. वहीत बोटं कुठून येणार?

अन् एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती. परीक्षेच्या दिवशी निकाल लागला तेव्हा मी प्रश्न न पाहताच खुशीवर तुटून पडली. चाळीस पोरांसमोर. ‘डोळे फुटले होते का? पाटकऱ्याची पोट्टी अन् उघडं-बंद समजत नाही?’ असं बोलली मी. तिनं बॅग उचलली अन् गेली. प्रश्न मी तिच्यानंतर उघडून पाहिले. तुझ्यावर जो एवढा जाळ काढला ना, त्यातला अर्धा माझ्या स्वतःवरचा होता. पण स्वतःवर ओरडायची मले सवय नाही.

अठ्ठावीसलेच प्राचार्यांकडे गेली. म्हणाले, “मॅडम, एक महीना बचा है, क्यों अपने पाँव पर कुल्हाड़ी मारते हो?” म्हणली, साहेब, कुऱ्हाड आधीच पडली आहे, फक्त पाय दुसऱ्याचे आहेत. सही केली. सर्व्हिस बुकात शेरा पडीन. पडू दे. वहीची छपाई मीच थांबवली.

एकोणतीसले सौंदडले गेली. खुशी अंगणात मोहफुलं वाळत घालून राहिली होती. मले पाहून उठली नाही. चैतरामनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणली, खुशी, शब्द माझा चुकला होता, तुझं उत्तर बरोबर होतं, उद्या फेरपरीक्षा आहे, ये. माफ कर म्हणली. तेही म्हणली, खरंच.

तिनं काय म्हणावं? “मॅडम, तुम्ही मले चाळीस पोरांसमोर बोलल्या. माफी घरी येऊन काऊन मागून राहिल्या?”

चैतराम तिच्यावर खेकसला. मी त्याले थांबवलं. पोट्टीचं खरं होतं. चौतीस वर्षांत मले कोनी असं विचारलं नव्हतं.

मग मी तिलेच विचारलं, तू असती तं काय लिहिलं असतं ‘बंद’च्या जागी? तिनं मोहफुलं चाळता चाळताच सांगितलं, “जुडला म्हणा न. स्विच जुडला, स्विच तुटला. त्यात का एवढं?” तीनशे शब्दांची वही लिहिणारी मी. मले हा शब्द सुचला नाही.

काल तीस तारखेले परीक्षा घेतली. कागदावर, चित्रासकट, मी हातानं काढलेले प्रश्न. आधी चाळीसही पोरांले बोलावलं. इंग्रजीवाल्यांलेही. फळ्यावर लिहिलं, ‘स्विच बंद = १, हे मी लिहिलं होतं. ते चूक आहे. खुशीचं उत्तर बरोबर होतं.’ खाली सही केली. मागच्या बाकावरचे दोघं-तिघं खुसुखुसु हसले. हसू दे. खुशी हसली नाही. तिनं नुसती मान हलवली अन् पेपर लिहायले घेतला. संध्याकाळच्या आत गुण बोर्डाकडे पोचवले.

निरोपाचा कार्यक्रम होईन, शाल देतीन, घेईन. वही मात्र परत पाठवजो. लाल शाईनं दुरुस्त करते. अजून किती पानांवर माझी बोटं राहून गेली, ते पाहावं लागीन. अन् ते बटण काढलं तं याद राख.

आशीर्वाद अर्धा पाठवते. बाकी अर्धा बटण राहिल्यावर.

आत्या

*

सौंदड, १४ मे २०२५

स्वप्निल सर यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी खुशी. मॅडमनी तुमचा पत्ता दिला. म्हणाल्या, “तुझा राग आहे ना, तो माझ्याजवळ ठेवू नको, त्याले लिहून पाठव, तोही पात्र आहे.” म्हणून लिहिते.

सर, तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प राहिले. त्या दिवसांत काय झालं ते सांगते. इंग्रजीचं बटण दाबणारी आमच्या गाडीतली पोरं मला ‘बंद’ म्हणून हाक मारायची. ‘ए बंद, सरक.’ ‘ए बंद, तिकीट काढलं का?’ दोन दिवस ऐकलं, मग गाडीतच बसणं सोडलं. बाबा गावात कोणाला सांगत नव्हते की मी नापास झाली. कोणी विचारलं तर म्हणायचे, सुट्ट्या लागल्या. माझ्या बाबांना खोटं बोलता येत नाही. लोकांना सगळं समजत होतं. तुमच्या आत्याचा निरोप चांगला व्हावा म्हणून हे झालं. मला त्याचा राग आहे. तो एवढ्यात जाणार नाही.

मॅडमचाही राग होता. त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा अर्धा गेला. अर्धा अजून आहे, ते मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “ठेव, कामी येते.”

मॅडम म्हणाल्या तुम्ही मराठीचं बटण काढणार आहात. काढू नका. आम्ही चौदा जणांनी ते हौसेने दाबलं होतं. पुढच्या वर्षी माझा भाऊ शुभम त्याच कॉलेजात येणार आहे, तोही तेच दाबेल. वहीतले शब्द मी आणि मॅडम बसून पाहत आहोत. मी दर शनिवारी मुर्रीला जाते. आतापर्यंत एकवीस शब्द सापडले, ज्यांना मॅडमचे हात लागतात, हात नसले तर अर्थ उलटा होतो. यादी सोबत पाठवते. ‘बंद’ खोडला आहे. त्या जागी ‘जुडला’ लिहिलं आहे. मॅडमनी ‘जुळला’ असं दुरुस्त केलं होतं, मी ते पुन्हा खोडलं. तुम्ही ‘जुडला’च ठेवा.

निकाल लागला. आम्ही चौदाही पास. मला वीसपैकी एकोणीस आहेत. एक चुकला. तीन स्विचचा होता, तिसरा शेजारच्या फांदीवर, वेगळ्या तारेत आहे हे मी पाहिलंच नाही. पेपर परत मिळाल्यावर चित्र नीट पाहिलं. प्रश्न बरोबर होता. शब्दही बरोबर होता. चूक माझीच होती.

त्या चुकीचा मला मुळीच राग आला नाही.

खुशी चैतराम हातझाडे